‘कुणाचा रे तू?’: नव्या प्रोग्रॅमरनं ऑनलाइन ओळख कशी करून द्यावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कुठल्याही गावात बसमधून उतरा, पारावर बसलेले आजोबा विचारणारच, ‘कुणाचा रे तू?’ या प्रश्नाचं उत्तर तुमचं नाव नसतं. वडिलांचं नाव सांगायचं, नाहीतर आजोबांचं. मग गल्ली, घराशेजारचं देऊळ, आईचं माहेर. तीन-चार खुणा जुळल्या की आजोबा मान हलवतात आणि आतून चहा येतो.

आपण सगळे ओळख द्यायला असेच शिकलो. त्यामुळं कोडिंग शिकायला लागलेलं बेळगाव-निपाणी-चिकोडीकडचं पोरगं पहिल्यांदा एखाद्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, म्हणजे ऑनलाइन गप्पांच्या गटात, जातं, तेव्हा तिथंही खुणाच सांगतं. पूर्ण नाव, कॉलेज, शाखा, सेमिस्टर, टक्के. वाचणारा बसलेला असतो पोलंडमध्ये नाहीतर ब्राझीलमध्ये. त्याच्याकडं यातली एकही खूण जुळत नाही. तो पुढच्या मेसेजकडं जातो, आणि पोरगं म्हणतं, ‘तिथं आपल्याशी कुणी बोलतच नाही.’

मी स्वतः असाच आपटलोय. टिळकवाडीतल्या भाड्याच्या खोलीतून मी पहिला मेसेज टाकला होता तो साधारण असा: ‘रिस्पेक्टेड सर, मायसेल्फ अमुक तमुक फ्रॉम बेलगाम, माय कोड इज नॉट वर्किंग, अर्जंट, प्लीज हेल्प.’ सोबत मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो, त्यात कोडपेक्षा ट्यूबलाइटचा उजेड जास्त. तीन दिवस कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, आपलं इंग्रजी वाईट म्हणून. पुढं मीच अशा ठिकाणी उत्तरं द्यायला लागलो, तेव्हा कळलं की तसे मेसेज रोज येतात आणि आपणही त्यांना ओलांडूनच जातो. इंग्रजीचा त्यात फार संबंध नसतो. त्या मेसेजमध्ये धरायला काही नसतं, एवढंच.

आधी जागा बघा, मग बोला

सगळ्या ठिकाणी एकाच दिवशी खातं उघडू नका. एक जागा निवडा, फार तर दोन. पायथन शिकत असाल तर पायथनवाल्यांची, वेबचं शिकत असाल तर फ्रीकोडकॅम्पचं फोरम. २०१४ पासून फुकट शिकवणारी ही मंडळी नवशिक्यांच्या प्रश्नांना सरावलेली आहेत. डिस्कॉर्डवर बोलणं गप्पांसारखं चालतं आणि वाहून जातं. फोरमवर लिहिलेलं राहतं, दोन दिवसांनीही उत्तर येऊ शकतं. जांबोटी-कणकुंबीकडं, जिथं पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नाही, तिथल्या मुलामुलींना मी फोरमच सुचवतो.

स्टॅक ओव्हरफ्लोवर मात्र ओळख करून द्यायला जाऊ नका. २००८ पासून चाललेली ही जागा फक्त प्रश्न आणि उत्तरांची आहे. तिथं ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ सुद्धा लोक संपादन करून काढून टाकतात. आपल्याला तो तुसडेपणा वाटतो, पण त्यांच्या दृष्टीनं ते पान पाच वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतं.

खातं उघडल्यावर तीन-चार दिवस नुसतं वाचा. नियम कुठं लिहिलेत? ओळखीसाठी वेगळं चॅनल आहे का? कुणाच्या मेसेजला उत्तरं येतात आणि कुणाचे तसेच पडून राहतात? लग्नाच्या मांडवात गेल्यावर आपण आधी पंगत कुठं बसलीय ते बघतो, लगेच ताट घेऊन धावत नाही. तसंच.

नाव, फोटो आणि गाव

टोपणनाव असं घ्या जे नोकरीच्या मुलाखतीत मोठ्यानं सांगताना लाज वाटणार नाही. जन्मसाल त्यात घालू नका. गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) आणि इतर ठिकाणी तेच नाव ठेवलं तर लोकांना तुम्ही लक्षात राहता. फोटो हवाच असं नाही, पण कोरं डोकं ठेवण्यापेक्षा एखादं चित्र बरं. गोकाकच्या धबधब्याचंही चालेल.

गावाचं काय लिहायचं? ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’, यावर आपल्याकडं जेवता जेवता भांडण होऊ शकतं. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, घरातलं बदललं नाही. तुमच्या तोंडात जे आहे ते लिहा आणि पुढं एक खूण जोडा: ‘पश्चिम भारत, गोव्याच्या घाटाच्या वर’. गोवा बाहेरच्यांना माहीत असतं. आणि कुणी त्या नावावरून वाद उकरलाच, तर सोडून द्या. सीमाप्रश्न सोडवायला ते चॅनल नाही.

काय लिहायचं नाही तेही इथंच सांगतो. मोबाइल नंबर नको, घरचा पत्ता नको. आणि व्हीटीयूचे, म्हणजे इथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे, विद्यार्थी हमखास करतात ती चूक: यूएसएन, म्हणजे विद्यापीठाचा परीक्षा क्रमांक. कुणी तो टोपणनावातच घालतं, कुणी प्रोफाइलमध्ये. यूएसएन टाकला की निकाल दिसतो, हे तुम्हाला माहीत आहे. मग ते इतरांनाही माहीत आहे. तुमचे बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, अख्ख्या जगाला दाखवायची गरज नाही.

ओळखीचा मेसेज

पाच-सात वाक्यं पुरतात. गावात ‘कुणाचा’ विचारतात, इथं ‘काय करतोयस’ विचारतात. म्हणून वडिलांच्या नावाच्या जागी तुमचं चालू काम येतं. कॉलेजचं नाव एकदा आलं तर हरकत नाही, पण मेसेज त्याच्यावर उभा करू नका.

आमच्याकडचे मेसेज असे असतात:

‘हाय ऑल, मी अमुक. मी बीईच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. माझा सीजीपीए ८.१ आहे. मला सी, सी++, जावा, पायथन, एचटीएमएल, सीएसएस येतं. मला कोडिंगची खूप आवड आहे. कृपया मला मार्गदर्शन करा.’

यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्यानं यावर काय विचारावं? ‘मार्गदर्शन करा’ याला तर उत्तरच नसतं. म्हणजे बस स्टँडवर उभं राहून ‘मला कुठंतरी न्या’ म्हणण्यासारखं.

आता हा बघा:

‘नमस्कार, मला सुमी म्हणा. गोव्याच्या घाटावरच्या एका छोट्या शहरातून लिहितेय. चार महिन्यांपासून पायथन शिकतेय. सध्या आईच्या भिशीचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम बनवतेय. भिशी म्हणजे वीस बायका दर महिन्याला हजार-हजार रुपये काढतात आणि चिठ्ठी निघेल तिला ते वीस हजार मिळतात. चिठ्ठी काढणं जमलं, पण एकदा मिळालेलं नाव पुन्हा निघू नये यासाठी यादी नीट कशी साठवावी ते शोधतेय. आधी फाइल हाताळणं शिकू की थेट डेटाबेस? आणि हो, तुमच्याकडं असा पैशांचा फेरा असतो का?’

हा मेसेज मी समजावण्यासाठी रचलाय, पण याला उत्तर न देता राहणं अवघड आहे. कुणी फाइलबद्दल सांगेल, कुणी ‘आमच्या देशातही असंच असतं’ म्हणेल. शेवटचा प्रश्न तर प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही उत्तर देता येईल असा आहे.

‘माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी घरात बघायला सांगतो. उसाचं बिल, दूध डेअरीच्या चिठ्ठ्या, गणपती मंडळाची वर्गणी, उद्यमबागेत शिफ्टला जाणाऱ्या काकांच्या ओव्हरटाइमचे तास. कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट जगातला प्रत्येक नवशिका बनवतो. डेअरीच्या फॅटवरून दर काढणारा प्रोग्रॅम तुमच्याच गावात सुचतो.

छोट्या कामाची लाज बाळगू नका. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या न्यूजग्रुपवर (तेव्हाचं फोरमच) असाच एक मेसेज टाकला होता. मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, नुसता छंद आहे, काही मोठं होणार नाही, एप्रिलपासून चाललंय, मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं आणि काय नाही ते सांगा, असा त्याचा मतलब. तो लिनस टोरव्हाल्ड्स, आणि ती सिस्टिम म्हणजे लिनक्स. मोठेपणा पुढं आला. मेसेजमध्ये होतं ते एवढंच: काय करतोय, कधीपासून, आणि उत्तर देता येईल असा एक प्रश्न.

भाषेचं ओझं

मेसेज आधी मराठीत लिहा, कागदावर. मग छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. एआयकडून व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, पण अख्खी ओळख त्याच्याकडून लिहून घेऊ नका. त्या गुळगुळीत परिच्छेदांची चव आता सगळ्यांना कळते, आणि ओळखीतच दुसऱ्याचा आवाज आला तर पुढं बोलणार कोण?

तीन सवयी मात्र सोडाव्या लागतात. ‘मायसेल्फ अमुक’ ऐवजी सरळ ‘आय अ‍ॅम अमुक’. ‘आय हॅव अ डाउट’ ऐवजी ‘क्वेश्चन’. मराठीत शंका म्हणजे प्रश्नही आणि संशयही, म्हणून आपल्याला डाउट बरोबर वाटतो. बाहेरच्याला वाटतं, याला आपल्यावर संशय आहे. आणि ‘सर’. समोरची व्यक्ती सोळा वर्षांची मुलगी असू शकते. तिच्या टोपणनावानं हाक मारा, त्यात अपमान नाही.

एक गोष्ट आपल्याकडं जास्तीची आहे, ती वापरत नाही म्हणून सांगतो. इथलं पोरगं घरात मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी, आणि टीव्हीमुळं हिंदी बोलतं. हुबळीच्या कुणी उत्तर दिलं तर ‘हेंगिद्दीरी?’ (कसे आहात?) विचारा, पुण्याच्या कुणी दिलं तर मराठीत बोला. फक्त सगळ्यांच्या चॅनलवर लांबलचक गप्पा एका भाषेत मारू नका, इतरांना बाहेर उभं केल्यासारखं होतं. ओळख वाढल्यावर वेगळ्या धाग्यात काय हवं ते बोला.

वेळेचंही बघा. आपण जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढं. रात्री ९ ला मेसेज टाकला तर लंडनमध्ये दुपार असते आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे दोन्हीकडं लोक जागे. दुपारी जेवून टाकलेला मेसेज मात्र अमेरिका झोपलेली असताना वाहून जातो.

टाकल्यानंतरचा आठवडा

बहुतेकांची ओळख इथं मरते. मेसेज टाकतात, दोन उत्तरं येतात, हे एक अंगठा दाखवतात आणि संपलं. कुणी दारात येऊन ‘बरं आहे का?’ विचारलं तर आपण अंगठा दाखवून दार लावतो का? प्रत्येक उत्तराला एक वाक्य तरी परत द्या. त्याच दिवशी आणखी दोघा नव्यांच्या ओळखी वाचा आणि त्यांना काहीतरी खरं विचारा. ‘वेलकम ब्रो’ हे विचारणं नव्हे.

कुणी छान उत्तर दिलं म्हणून लगेच त्याच्या खासगी मेसेजमध्ये घुसू नका. आधी तिथंच विचारा, ‘यावर तुम्हाला वेगळा मेसेज केला तर चालेल का?’ आणि नुसतं ‘हॅलो’ टाकून वाट बघत बसू नका. ‘मी एक विचारू का?’ हेही नको, सरळ विचाराच.

पहिला खरा प्रश्न

ओळखीचा मेसेज म्हणजे उंबरठा. लोक तुम्हाला ओळखायला लागतात ते तुमच्या प्रश्नावरून. माझा दुसरा प्रयत्न कसा जमला ते सांगतो, कारण तो निव्वळ बेळगावच्या कृपेनं जमला.

पायथनमध्ये शब्द उलटा करायचा सराव करत होतो. इंग्रजी शब्द नीट उलटे झाले, म्हणून हौसेनं ‘बेळगाव’ घातलं. मला हवं होतं ‘वगाळबे’. आलं ‘वागळेब’. हे वागळे कुठून आले, म्हणून मी आणि खोलीतला मित्र पोट धरून हसलो. मग ‘निपाणी’ घातलं, तर सुरुवातीलाच ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली नुसती वेलांटी. लांबी मोजली तर ‘बेळगाव’ची ६ आली, डोळ्यांना दिसतात ४ अक्षरं.

यावेळी मी नीट लिहिलं. मला काय हवं होतं, प्रत्यक्षात काय आलं, कोड कुठला, पायथनची आवृत्ती कुठली, मी आधी काय काय करून बघितलं. कोड मजकूर म्हणून चिकटवला, फोटो नाही. त्यासाठी कोडच्या आधी आणि नंतर तीन बॅकटिक (`) टाकायचे. ही कळ कीबोर्डवर १ च्या डावीकडं, एस्केपच्या खाली असते. एरर असेल तर तोही अख्खा, जसाच्या तसा. देवनागरी न वाचणाऱ्यांसाठी दोन ओळींत सांगितलं की मात्रा आणि काना आमच्याकडं अक्षराचाच भाग समजतात.

अर्ध्या तासात उत्तर आलं. पायथन शब्द साठवतं ते युनिकोडच्या कोड पॉइंटमध्ये, म्हणजे लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांत, आणि ‘बे’ मधली मात्रा हा स्वतंत्र कोड पॉइंट. ब, मात्रा, ळ, ग, काना, व: झाले सहा. उलटं केल्यावर व च्या मागं काना आला म्हणून ‘वा’ झालं, आणि मात्रा ब सोडून ळ ला चिकटली. माणसाला जे एक अक्षर दिसतं त्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि तसे तुकडे पाडायला रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल बसवून घेता येतं. थायलंडच्या एकानं लिहिलं की थाई लिपीतही हीच गंमत होते. पुढं कितीतरी दिवस त्या चॅनलवर माझं नाव ‘उलट्या गावाचा माणूस’ असं पडलं होतं. गल्लीचं नाव सांगून हे जमलं नसतं.

उत्तर मिळाल्यावर काय चाललं ते तिथं लिहून ठेवा. ‘सुटलं, थँक्स’ पुरत नाही. कसं सुटलं तेही सांगा. तोच प्रश्न घेऊन येणारा पुढचा मुलगा कदाचित चिकोडीचाच असेल.

हळूहळू मदतीच्या बाजूला

चार महिने शिकलेल्याला पहिल्या आठवड्यातल्याचा प्रश्न सोडवता येतो, बऱ्याचदा तज्ज्ञापेक्षा बरा, कारण आपण नुकतेच तिथंच अडकलो होतो. चुकीचं सांगितलं गेलं तर कुणीतरी दुरुस्त करतं. ‘मीही शिकतोय, पण मला असं वाटतं’ एवढं म्हणून उत्तर द्या.

गिटहबवर प्रकल्पांच्या याद्यांत ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावलेली कामं असतात, ती नवीन माणसांसाठीच ठेवलेली. आधी तिथं लिहून विचारा, ‘हे मी घेऊ का?’ आणि मगच हात घाला. मराठी येणाऱ्यांना भाषांतराचा रस्ताही खुला आहे. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं भाषांतर पोंटून नावाच्या साइटवर चालतं, आणि तिथं मराठी आहे. ‘सेटिंग’ला काय म्हणावं यावर मराठी माणसं तिथंही वाद घालतात, त्यातून ओळखी होतात.

पण नावापुरतं योगदान करू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांना मिळणाऱ्या टी-शर्टसाठी असंख्य लोकांनी प्रकल्पांत एखादा निरर्थक शब्द घालून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशा विनंत्या, पाठवल्या. प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले की आयोजकांना महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला त्यांच्यापुरताच उपक्रम उरला. त्यात आपल्या देशातले बरेच होते, आणि त्याचा डाग पुढं प्रामाणिक मुलांनाही लागला.

सांभाळून

कोड चिकटवताना आत पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) राहिलीय का ते दोनदा बघा. गिटहबवर उघडी पडलेली की शोधणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, असतात, त्यांना झोप नसते. ‘इंटर्नशिप पक्की, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा मेसेज आला तर पैसे भरू नका, मग समोरच्याचा फोटो कितीही टायवाला असो.

मुलींना वेगळा त्रास होतो, तो नाही म्हणण्यात अर्थ नाही. नको ते मेसेज आले तर स्क्रीनशॉट काढा, ब्लॉक करा आणि मॉडरेटरला, म्हणजे ती जागा सांभाळणाऱ्याला, कळवा. आपली चूक शोधत बसू नका. सामील होण्याआधी त्या जागेची आचारसंहिता आहे का आणि तक्रार कुठं करायची ते लिहिलंय का, हे बघायला मी सगळ्यांनाच सांगतो. नसेल तर ती जागा सोडा, दुसऱ्या आहेत.

परीक्षेनंतर परत येताना

सेमिस्टरची परीक्षा आली की दीड महिना कुणीच फिरकत नाही. मग परत जायला लाज वाटते, आणि कितीजण लाजेपोटी कायमचे गायब होतात. तिथं तुमची हजेरी कुणी घेत नसतं. लांबलचक माफीही नको. ‘परीक्षा होती, आता मोकळी झाले. भिशीच्या यादीसाठी फाइलच वापरली, चालतेय. आता दोन बायकांनी एकमेकींशी नंबर बदलला तर काय करायचं, त्यात अडकलेय.’ एवढं लिहा आणि बसा. जुन्यातलं कुणीतरी विचारेलच, ‘मग यावेळी चिठ्ठी कुणाला लागली?’